जुना नकाशा की जुनं कॅलेंडर? जगाचे अँटिक नकाशे गोळा करण्याआधी ऐका

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजची सुरुवात माझ्या गंडण्यापासून.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे युरोपात होतो. एका रविवारी तिथल्या जुन्या बाजारात फिरताना जगाचा एक नकाशा दिसला. दोन मोठे गोल, डावीकडे अमेरिका, उजवीकडे आपण. कोपऱ्यांत चार माणसांची चित्रं, समुद्रात जहाजं, आणि कॅलिफोर्निया चक्क बेट! कागद चहात बुडवल्यासारखा तपकिरी, कडा झिजलेल्या. विकणारा म्हणाला, सतराव्या शतकातला आहे, अ‍ॅटलसमधून निघालेला. १४० युरो, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेबारा हजार रुपये. मी घेतला. पुण्यात आल्यावर महागडी फ्रेम केली. घरी येईल त्याला धरून दाखवायचो.

मग एकदा कोल्हापूरहून मामा आला. मामाने तीस वर्षं छापखाना चालवलाय. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, बॅगेतून ते छापखान्यातलं छोटं भिंग काढलं, काचेवर टेकवलं आणि दहा सेकंदांत म्हणाला, "नकाशा छान आहे रे. पण हे ऑफसेट आहे. चार रंगांचं. आम्ही कॅलेंडर छापायचो ना, तेच."

साडेबारा हजारांचं कॅलेंडर! तेही तारखांशिवाय.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. वाचलं, म्युझियममध्ये काचेला नाक लावून उभा राहिलो, लिलावांचे कॅटलॉग चाळले. या सगळ्यातून मला कळलेली गोष्ट एका वाक्यात सांगतो. जुना नकाशा हे चित्र नाही, ती वस्तू आहे. चित्र तुम्हाला फुकट मिळतं, पैसे द्यायचे ते वस्तूचे. म्हणून खरेदीआधी तीन प्रश्न विचारायचे: हा छापला कसा? ही कुठली आवृत्ती? आणि हा आला कुठून?

०३:१० – एवढी सजावट कशासाठी?

आधी थोडा इतिहास. सजवलेल्या जगाच्या नकाशांचा सुवर्णकाळ म्हणजे साधारण १५७० ते १७००. जागा मुख्यतः दोन, आधी अँटवर्प आणि मग आम्स्टरडॅम.

१५७० मध्ये अँटवर्पच्या अब्राहम ऑर्टेलियसने 'थिएट्रम ऑर्बिस टेरारम' नावाचं पुस्तक काढलं. एकाच मापाचे, एकाच पद्धतीने कोरलेले नकाशे, ५३ पानांवर, एका बांधणीत. याला पहिला आधुनिक अ‍ॅटलस मानतात. गंमत म्हणजे 'अ‍ॅटलस' हे नाव तेव्हा नव्हतंच. ते पुढे १५९५ मध्ये मर्केटरच्या पुस्तकामुळे रूढ झालं. ऑर्टेलियसच्या पुस्तकातला जगाचा नकाशा लंबगोल आहे आणि भोवती ढगच ढग. जणू कुणी ढग बाजूला करून पृथ्वीकडे बघतंय. विमान नव्हतं तेव्हाची ही विंडो सीट.

मग आला आम्स्टरडॅमचा विलेम ब्लाऊ. त्याच्या जगाच्या नकाशाची चौकट बघा. वर सूर्य, चंद्र आणि ग्रह. एका बाजूला चार महाभूतं, दुसऱ्या बाजूला चार ऋतू. खाली प्राचीन जगातली सात आश्चर्यं. नकाशा मधे आहे, पण भोवती अख्खं विश्व मांडलंय.

हे सगळं का? कारण विकत घेणारा खलाशी नव्हता. खलाशी बोटीवर वेगळे, साधे नकाशे वापरायचे. हे अ‍ॅटलस घ्यायचे श्रीमंत व्यापारी, वकील, सरदार. घरात बसून जग बघायचं आणि चार लोकांना दाखवायचं. विलेमचा मुलगा योआन ब्लाऊ याचा १६६२ चा लॅटिन 'अ‍ॅटलस मायोर' ११ खंडांचा होता, त्यात जवळपास ६०० नकाशे होते आणि तो त्या काळी विकत मिळणाऱ्या सर्वांत महाग पुस्तकांपैकी एक होता. रंगवलेला हवा असेल तर जास्त पैसे, कारण छपाई काळ्या शाईत व्हायची आणि रंग नंतर हाताने भरला जायचा.

सजावटीचा दुसरा उपयोग म्हणजे अज्ञान झाकणं. आतल्या प्रदेशाची माहिती नाही? हत्ती काढा. समुद्र रिकामा दिसतोय? एक राक्षसी मासा सोडा. अठराव्या शतकात फ्रेंच नकाशाकार कडक झाले. द'आन्व्हिलने १७४९ च्या आफ्रिकेच्या नकाशात खात्री नसलेला भाग सरळ कोरा सोडला. विज्ञान म्हणून भारीच. पण सजावटीचा काळ तिथून ओसरायला लागला.

०६:४५ – प्रश्न पहिला: छापला कसा? (मोबाईल काढा)

मामाचं भिंग नसलं तरी चालेल. खिशातला फोन पुरे. चार टेस्ट सांगतो.

टेस्ट एक, मॅक्रो मोड. कॅमेरा अगदी जवळ न्या आणि रंगवलेल्या भागाचा फोटो काढून झूम करा. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला. ती आधुनिक छपाई. जुन्या नकाशात काळ्या रेषा सलग असतात आणि रंग वॉटरकलरसारखा पसरलेला असतो, कुठे रेषेच्या बाहेरही गेलेला. पण उलटं खरं नाही बरं का! ठिपके दिसले नाहीत म्हणजे नकाशा अस्सल, असं नसतं. काही जुन्या चांगल्या नकलांमध्ये ठिपके नसतात.

टेस्ट दोन, तिरका उजेड. फोनचा टॉर्च कागदाला जवळपास समांतर धरा. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले असत. कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि जबरदस्त दाबाने रुळांतून काढायचं. त्यामुळे नकाशाभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो. तिरक्या उजेडात तो दिसतो. बोट फिरवलं तर रेषांची शाई किंचित वर आल्यासारखी लागते, पण विक्रेत्याला विचारल्याशिवाय बोट लावू नका.

टेस्ट तीन, मागून उजेड. टॉर्च कागदामागे धरा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा युरोपी कागद तारांच्या जाळीच्या साच्यात हाताने उचललेला असायचा. त्या तारांच्या रेषा कागदात दिसतात, जवळजवळच्या बारीक आणि त्यांना छेदणाऱ्या थोड्या अंतरावरच्या. कधी कधी कागद बनवणाऱ्याचा वॉटरमार्कही दिसतो. सतराव्या शतकातला म्हणून सांगितलेला कागद एकसारखा गुळगुळीत असेल, तर सावध व्हा.

टेस्ट चार, मागची बाजू. अ‍ॅटलसमधला मोठा नकाशा असेल तर मधोमध उभी घडी हवी. अनेकांच्या मागे मजकूरही छापलेला असतो. जुना हिरवा रंग असेल तर अजून एक खूण. तो तांब्यापासून बनायचा आणि हळूहळू कागद खायचा. म्हणून हिरव्या भागाच्या मागे तपकिरी डाग उमटलेला दिसतो. नुकत्याच भरलेल्या रंगात हे होत नाही.

आणि आता सगळ्यात मोठा गैरसमज. आपल्याला वाटतं, कागद जितका पिवळा तितका जुना. मी तिथेच फसलो. त्या काळचा कागद सुती-तागाच्या चिंध्यांपासून बनायचा. नीट ठेवलेला असेल तर चारशे वर्षांनंतरही तो बऱ्यापैकी पांढरा आणि दणकट असतो. पिवळा पडून तुकडे होतात ते लाकडाच्या लगद्याच्या कागदाचे, जो एकोणिसाव्या शतकात सर्रास आला. तुमच्या शाळेच्या जुन्या वह्या आठवा. त्यामुळे चहाच्या रंगाचा, जळक्या कडांचा 'प्राचीन' नकाशा दिसला की समजायचं, कुणीतरी चहा केलाय.

१०:२० – प्रश्न दुसरा: कुठली आवृत्ती?

हा माझा आवडता भाग, कारण इथे आमच्या धंद्यातली गोष्ट सापडते. कोडमध्ये जसे व्हर्जन असतात, तसे नकाशांतही असतात.

तांब्याचा पत्रा कोरायला महिनोन्महिने लागायचे. म्हणून एकच पत्रा वर्षानुवर्षं वापरायचे. चूक सापडली की तेवढा भाग मागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचा. मालक बदलला की जुनं नाव घासून नवं टाकायचं. अशा प्रत्येक बदलाला संग्राहक वेगळं 'स्टेट' मानतात, आणि किमतीत त्याने फरक पडतो.

ऑर्टेलियसच्या जगाच्या नकाशाचंच घ्या. त्याचे तीन पत्रे झाले. पहिला १५७० चा, फ्रान्स होगेनबर्गने कोरलेला. वापरून वापरून त्याला खालच्या डाव्या कोपऱ्यात तडा गेला. तो तडा छापलेल्या नकाशात दिसतो! म्हणजे तडा आहे की नाही, यावरून तुमची प्रत आधीची की नंतरची ते कळतं. मग १५८६ चा दुसरा पत्रा, ढग तसेच. १५८७ च्या तिसऱ्या पत्र्यात ढग गेले, नवी नक्षीदार चौकट आली. आणि एक बग फिक्स झाला. आधीच्या दोन्ही पत्र्यांत दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला एक भलतंच पोट सुटलेलं होतं, ते तिसऱ्यात गेलं.

मागच्या मजकुराची भाषाही सुगावा देते. हा अ‍ॅटलस लॅटिनशिवाय डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी, इटालियन अशा भाषांत निघाला. इंग्रजी आवृत्ती १६०६ ची आहे. मागे इंग्रजी मजकूर आणि विक्रेता म्हणतोय १५७०, तर नम्रपणे हसायचं आणि पुढच्या दुकानात जायचं.

१२:५० – कॅलिफोर्निया नावाचा बग

माझ्या त्या कॅलेंडरवर कॅलिफोर्निया बेट होतं. ही चूक नकली नाही, अगदी अस्सल आहे. माझा नकाशा ज्याची नक्कल होता, तो हेन्रिकस होंडियसचा १६३० चा नकाशा. त्याच्या कोपऱ्यांत सीझर, टॉलेमी, मर्केटर आणि स्वतः हेन्रिकसचे वडील योडोकस होंडियस आहेत. वडिलांना थेट सीझरच्या रांगेत बसवलंय!

आता ऐका गंमत. आपल्याला वाटतं, जुने नकाशे चुकीचे होते आणि हळूहळू बरोबर झाले. इथे उलटं झालं. ऑर्टेलियसच्या १५७० च्या नकाशात कॅलिफोर्नियाचा तो लांब भाग जमिनीला जोडलेला आहे, म्हणजे बरोबर. मग १६०२-०३ च्या एका स्पॅनिश मोहिमेवर गेलेल्या आसेन्सिऑन नावाच्या धर्मगुरूने ते बेट असल्याचं मांडलं. १६२० च्या दशकात ते छापील नकाशांत आलं, आणि मग शंभर वर्षं सगळे एकमेकांचं बघून छापत राहिले. आधी चालणारी गोष्ट पुढच्या अपडेटमध्ये मोडली, याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. कीनो नावाच्या धर्मप्रचारकाने १७०० च्या आसपास प्रत्यक्ष त्या भागात फिरून सांगितलं की बाबांनो, जमीन जोडलेली आहे. तरी बेट छापत राहिले. शेवटी १७४७ मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढावं लागलं की कॅलिफोर्निया बेट नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या किनाऱ्याचं. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपकडे चिटणीस म्हणून काही वर्षं राहिला आणि पोर्तुगीज लपवून ठेवायचे ती सागरी माहिती गोळा करून परतला. १५९६ मध्ये आम्स्टरडॅमला त्याचं पुस्तक नकाशांसह निघालं. त्या काळच्या आशियाच्या नकाशांवर गोवा, चौल, दाभोळ ही नावं वाचताना म्हणूनच अंगावर काटा येतो. कुणीतरी इथे राहून ते लिहून घेतलंय.

या कॅलिफोर्नियाच्या चुकीवर अख्खा संग्रह उभा राहिलाय. ग्लेन मॅक्लॉफ्लिन नावाच्या अमेरिकन माणसाला १९७१ मध्ये लंडनमध्ये असा एक नकाशा दिसला. मग तो फक्त 'कॅलिफोर्निया बेट' असलेले नकाशेच जमवत गेला, सातशेहून जास्त. ते आता स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत. यातून शिकण्यासारखं हे की 'जुने नकाशे' असा संग्रह नसतो. एक छोटा विषय धरायचा आणि त्याच्या मागे लागायचं. सगळंच गोळा करायला गेलात तर पैसेही संपतील आणि शिकणंही होणार नाही.

१५:३० – प्रश्न तिसरा: आला कुठून?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि बहुतेक लोक विचारतच नाहीत.

बाजारातले बहुतेक सुटे जुने नकाशे कधीतरी पुस्तकात होते. म्हणजे कुणीतरी ते पुस्तक मोडलं. बऱ्याचदा पुस्तक आधीच फाटलेलं, अर्धवट असतं. पण चांगले अ‍ॅटलसही मोडले गेलेत, कारण एकेक पान विकून जास्त पैसे होतात. हे बेकायदेशीर नाही, तरी मला ते टोचतं.

आणि मग चोरी. ८ जून २००५ ला अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात एका कर्मचारी बाईंना जमिनीवर धारदार ब्लेड पडलेलं दिसलं. दुर्मीळ पुस्तकांच्या वाचनालयात ब्लेड! चौकशीत पकडला गेला एडवर्ड फोर्ब्स स्मायली. हा भुरटा नव्हता. नावाजलेला नकाशा-विक्रेता, मोठमोठ्या संग्राहकांचा सल्लागार. त्याने निरनिराळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. पुस्तकातून कापायचा, घडी घालून कोटात टाकायचा आणि विकायचा. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सगळ्यात वाईट काय, तर काही ग्रंथालयांना आपलं नेमकं काय गेलं हे सांगता येईना, कारण कुठल्या पुस्तकात कुठले नकाशे होते याची पुरती नोंदच नव्हती.

विचार करा, त्या नकाशांचे खरेदीदार मोठे, जाणकार लोक होते. त्यांना नकाशे अस्सल मिळाले. पहिल्या दोन प्रश्नांत पैकीच्या पैकी मार्क. तिसऱ्यात नापास.

म्हणून विक्रेत्याला थेट विचारायचं: तुम्हाला हा कुठून मिळाला? आधीच्या लिलावाची पावती आहे? ग्रंथालयाचा शिक्का खरवडल्यासारखी जागा दिसते का, ते मागच्या बाजूला बघायचं. चांगला विक्रेता चिडत नाही, उलट खूश होतो. लेखी बिल घ्यायचं, त्यावर नकाशाचं नाव, साल, 'अस्सल' हा शब्द आणि रंग जुना की नवा हे लिहून घ्यायचं. माझ्या त्या जुन्या बाजारातल्या माणसाने बिल दिलं नव्हतं. मी मागितलंही नव्हतं.

१८:०० – सुरुवात कशी करायची?

पहिलं, आधी फुकट बघा. डेव्हिड रम्सी नकाशा संग्रहाच्या साईटवर लाखाहून जास्त जुने नकाशे मोठ्या रिझोल्यूशनमध्ये आहेत. फोनवर झूम करत बसा. अस्सल रेषा कशी दिसते हे डोळ्यांत बसलं की नक्कल आपोआप खटकते. आणि नुसती भिंत सजवायची असेल तर यातलाच एखादा प्रिंट करून लावा. अजिबात लाज नाही. प्रिंट म्हणून घेतलेला प्रिंट ही फसवणूक नसते.

दुसरं, ऑर्टेलियस आणि ब्लाऊच्या जगाच्या नकाशांची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. तिथून सुरुवात नको. छोट्या खिशातल्या अ‍ॅटलसमधली लहान पानं किंवा एकोणिसाव्या शतकातले पोलादी पत्र्यावर कोरलेले नकाशे बघा. लंडनच्या जॉन टॅलिसचे १८५१ च्या सुमाराचे नकाशे सुंदर असतात, कडेला माणसं, प्राणी, इमारतींची बारीक चित्रं. सजावटीच्या परंपरेतले ते जवळपास शेवटचे.

तिसरं, परदेशातून मागवताना टपाल, विमा, कस्टम आणि कर आधीच धरा. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू भारताबाहेर न्यायला १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याची बंधनं आहेत. परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवण्याआधी चौकशी करा.

चौथं, जपणूक. थेट ऊन पडेल अशा भिंतीवर लावू नका, रंग उडतो. लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल यांपैकी काहीही नाही, म्हणजे नाहीच. फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट सांगा आणि कागद काचेला चिकटणार नाही एवढं अंतर ठेवायला सांगा. आपल्याकडचा पावसाळा कागदाचा शत्रू आहे. बाहेरच्या ओल्या भिंतीवर फ्रेम टांगली की बुरशी आणि कसर आलीच. आतली कोरडी भिंत निवडा, आणि पावसाळ्यानंतर एकदा फ्रेम उतरवून मागे बघा.

२०:४० – जाता जाता

गेल्या वर्षी मी पहिला खरा नकाशा घेतला. टॅलिसचा, पूर्व गोलार्धाचा. ऑर्टेलियससमोर काहीच नाही, पण पावती आहे, पोलादी पत्र्यावरच्या केसासारख्या बारीक रेषा आहेत, आणि तो कुठून आला ते मला माहीत आहे. मामाला दाखवला. त्याने पुन्हा तेच भिंग काढलं. या वेळी दहा सेकंद नाही, चांगली दहा मिनिटं बघत बसला. मग म्हणाला, "हे ज्याने कोरलं ना, त्याचे डोळे गेले असतील रे."

मला वाटतं, पैसे याचे असतात. कुणाचे तरी डोळे, हात, महिने त्या कागदात गेलेत. ठिपक्यांत ते नसतं.

तो कॅलेंडर-नकाशा मी काढून टाकला नाही. तो शेजारीच आहे. फ्रेमच्या मागे मामाने पेनने लिहून ठेवलंय, 'ऑफसेट. चार रंग. तपासले.' उद्या माझ्यानंतर तो कुणाच्या हाती गेला, तर निदान तो माणूस तरी फसणार नाही.

तुमच्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना नकाशा असेल, तर आज मॅक्रो मोड लावून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. ठिपके निघाले तरी कळवा, आपण एकाच क्लबातले. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बिल मागायला लाजू नका!